तक्त्यातले वादळ

चक्रीवादळे शिकवताना अमेरिकेतील सॅफिर-सिंप्सन तक्ता जसाच्या तसा फळ्यावर उतरवणे आम्हाला खटकते. त्यातील वारा एका मिनिटाच्या सरासरीचा, आपल्या हवामान खात्याचा तीन मिनिटांच्या. आकडे सरळ जुळत नाहीत. पण खरी उणीव दोन्हीकडे सारखीच आहे. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ आपल्याकडे ‘तीव्र चक्रीवादळ’, म्हणजे ताशी ८९ ते ११७ कि.मी. वाऱ्याच्या गटातले. जमिनीवर समुद्राच्या वाफेचा पुरवठा तुटला, नाशिककडे येईतो जोर ओसरला. पाऊस मात्र आलाच! वर्गीकरण फक्त वारा मोजते. पाऊस व समुद्राचे उधाण त्यात नाही. गोदाकाठच्या शाळांनी तरी तक्त्याशेजारी पावसाचा रकाना आखावा.