काळदृष्टी, व्यक्तिमत्त्वगुण आणि जीवनसमाधान : मापनसाधनांची एक चिकित्सा (विशेष संदर्भ : मालाड उपनगर)

मानवी जीवनातील समाधान केवळ परिस्थितीवर अवलंबून नसून, व्यक्ती भूत, वर्तमान व भविष्य यांकडे कोणत्या दृष्टीने पाहते यावरही ते अवलंबून असते, असे मानसशास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. फिलिप झिम्बार्डो व जॉन बॉइड यांनी १९९९ मध्ये ५६ विधानांची काळदृष्टी शोधिका प्रसिद्ध केली. तीत भूतकाल-नकारात्मक, भूतकाल-सकारात्मक, वर्तमान-सुखवादी, वर्तमान-दैववादी आणि भविष्यलक्षी असे पाच घटक आहेत. एड डीनर व त्यांच्या सहकाऱ्यांची १९८५ ची जीवनसमाधान श्रेणी तर अवघ्या पाच विधानांची असून तिचे प्राप्तांक ५ ते ३५ या मर्यादेत पडतात. या दोहोंना पंचघटक व्यक्तिमत्त्व चाचणीची जोड देऊन शंभर-दीडशे विद्यार्थ्यांवर केलेले अभ्यास आता आपल्या महाविद्यालयीन संशोधनाचा परिचित प्रकार बनले आहेत. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे.

अशा अभ्यासांचे निष्कर्ष बहुधा अपेक्षित दिशेनेच जातात. भूतकालाविषयी आपुलकी असणारे अधिक समाधानी आढळतात, कटू आठवणींत गुंतलेले व भावनिकदृष्ट्या अस्थिर असणारे कमी समाधानी आढळतात, आणि भविष्यलक्षी दृष्टीचा कर्तव्यदक्षतेशी धन सहसंबंध मिळतो. प्रश्न असा की यात नवीन काय कळले? भूतकाल-नकारात्मक घटकाची विधाने व भावनिक अस्थिरतेची विधाने शेजारी ठेवून वाचली, तर दोन्हींत खंत, सल आणि चिंता हीच सामग्री आढळते. एकच गोष्ट दोनदा विचारून उत्तरे जुळली, याला शोध म्हणता येत नाही. व्यक्तिमत्त्वगुणांचा प्रभाव आधी वजा करून काळदृष्टी स्वतंत्रपणे किती भर घालते हे तपासल्याशिवाय तिच्या श्रेयाचा दावा करू नये.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘समाधान’ हा शब्द मराठीत नुसते मूल्यमापन दर्शवीत नाही. तो एक सद्‌गुणही आहे. ‘आहे त्यात समाधान मानावे’ ही शिकवण घराघरांत दिली जाते, वारकरी संस्कारांनी तिला नैतिक वजनही दिले आहे. डीनर यांची श्रेणी मात्र आयुष्य आपल्या आदर्शाच्या किती जवळ आहे, हे विचारते. अपेक्षापूर्ती झालेला आणि अपेक्षा आवरलेला असे दोघेही २८ गुण मिळवू शकतात. संशोधकाच्या तक्त्यात ते एकाच रकान्यात बसतात. दैववादाचेही तसेच. नशीब, दैव, प्रारब्ध, संचित यांपैकी कोणता शब्द अनुवादकाने योजला यावर उत्तर बदलते, कारण संचितात पूर्वकर्माची जबाबदारी गृहीत आहे आणि नशिबात नाही. (ज्या भाषेत ‘परवा’ हा एकच शब्द मागच्या व पुढच्या दोन्ही दिवसांसाठी चालतो, तिथे काळाविषयीच्या विधानांचा अनुवाद दोन बैठकींत उरकू नये, एवढे तरी मान्य व्हावे.)

तिसरा आक्षेप परिस्थितीविषयीचा असून मालाडच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो. २ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मुसळधार पावसात मालाड पूर्वेकडील पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसे दगावली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला होता. पर्यायी घरासाठी ७,००० रुपये भरूनही वर्षानुवर्षे घराची वाट पाहणारी अनेक कुटुंबे या वस्तीत होती. अशा घरातील विद्यार्थिनीने ‘पुढचे बेत आखून उपयोग नाही’ या आशयाच्या विधानाला पूर्ण सहमती दर्शवली, तर शोधिका तिला वर्तमान-दैववादी ठरवील, आणि अहवालाच्या शेवटी काळदृष्टी सुधारण्यासाठी समुपदेशनाची शिफारस येईल. वस्तुतः तिच्या घराने बेत आखला होता, पैसेही भरले होते. तिचे उत्तर हा मनाचा दोष नव्हे, ते अनुभवाचे अचूक वाचन आहे. परिस्थितीच्या चुका व्यक्तीच्या खात्यावर मांडण्याची ही सवय प्रस्तुत संशोधनपद्धतीचा सर्वांत गंभीर दोष मानावा लागतो.

याच उपनगराच्या पश्चिमेस माइंडस्पेस संकुलातील कॉल सेंटरांमुळे २००० नंतरच्या दशकात हजारो पदवीधर तरुण रात्रपाळीत दुसऱ्या खंडाच्या घड्याळावर जगू लागले. त्यांची भविष्यलक्षी दृष्टी मोजताना मुदतीत काम पूर्ण करण्याविषयीची विधाने फारशी उपयोगी नाहीत, कारण मुदती त्यांना कामावर लादलेल्याच असतात. त्यांचे खरे भविष्य भिशीच्या हप्त्यात, बहिणीच्या लग्नात किंवा गावाकडच्या घराच्या छपरात असते. ते बहुधा एकट्याचे नसतेच. शोधिकेला मात्र एकट्याचेच भविष्य ठाऊक आहे.

तरीही ही साधने टाकाऊ ठरवणे अन्यायाचे होईल. काळदृष्टी ही संस्कारांनी घडते व बदलू शकते, हा झिम्बार्डो यांचा आग्रह व्यक्तिमत्त्वगुणांच्या स्थिर चौकटीपेक्षा शिक्षकाला निश्चितच अधिक उपयुक्त आहे. भूतकाल-सकारात्मक घटकाचे समाधानाशी असलेले नातेही सहज झटकण्यासारखे नाही. अपेक्षा एवढीच की अनुवादाची पडताळणी उलट-अनुवादाने व्हावी, प्रत्येक विधान काही विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वाचून घेऊन त्यांना त्यातून काय उमगले ते नोंदवावे, आणि घराची मालकी, कुटुंबाचे उत्पन्न व स्थलांतर ही चले प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर नुसती भरून न घेता विश्लेषणात आणावीत. दैववादाचा प्राप्तांक उंच आलेल्या विद्यार्थ्यांपैकी निदान दहा जणांची मुलाखत घेतल्यावाचून कोणताही निष्कर्ष समुपदेशन कक्षाकडे पाठवू नये.