टॉर ब्राउझर : अनामिकतेची गर्दी आणि इंटरफेसची भाषा

संगणकीय सुरक्षिततेच्या चर्चेत इंटरफेसचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, इमारतीच्या रंगरंगोटीसारखा केला जातो. टॉर ब्राउझरच्या बाबतीत ही दृष्टी मुळातच अपुरी ठरते. रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन यांनी २००६ मधील निबंधात असे प्रतिपादन केले की, अनामिकता एकट्याला साधत नाही. ती इतर वापरकर्त्यांच्या गर्दीवर अवलंबून असते. वापरण्यास क्लिष्ट प्रणाली लोक सोडून देतात, गर्दी विरळ होते आणि मागे उरलेला जाणकारही उघडा पडतो. सुलभता हा येथे सुरक्षिततेचाच घटक आहे. प्रस्तुत लेखात या कसोटीवर टॉरच्या काही आरेखन-निर्णयांची चिकित्सा केली आहे.

आरंभीच्या काळात फायरफॉक्सला ‘टॉरबटन’ जोडलेले असे. एकाच बटणाने टॉर चालू, त्यानेच बंद. वरकरणी याहून सोपे काय असणार? परंतु या क्षणी आपण कोणत्या अवस्थेत आहोत, हे लक्षात ठेवण्याचा भार वापरकर्त्यावरच राही. विसर पडला की पान खऱ्या पत्त्यानिशी उघडे. २०११ मध्ये ही चालू-बंद पद्धत सोडून स्वतंत्र ब्राउझरवर भर देण्याचे ठरले. एक बटण काढून टाकण्याचा हा निर्णय मला टॉरच्या वाटचालीतील सर्वांत परिपक्व निर्णय वाटतो.

खिडकीच्या आकाराचे उदाहरणही उद्बोधक आहे. संकेतस्थळाला खिडकीची लांबी-रुंदी कळते. वेगळे माप बोटाच्या ठशासारखे ओळख पटविण्यास साह्यभूत होते. पूर्वी खिडकी पूर्ण मोठी केली की ब्राउझर केवळ इशारा देई. (इशारा देऊन मोकळे होण्याची ही रीत आपल्या परिपत्रकांनाही अपरिचित नाही!) २०१९ च्या ९.० आवृत्तीपासून मात्र पानाभोवती रिकामे पट्टे सोडून आतील माप ठरावीक पटीत राखले जाते. निवारणाचे काम सॉफ्टवेअरने स्वतःकडे घेतले, हे स्वागतार्ह होय. उणीव एवढीच की, ते पट्टे आपले प्रयोजन सांगत नाहीत. नवख्याला पानच बिघडले असे वाटावे.

सुरक्षा-पातळ्यांच्या बाबतीत मात्र आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘प्रमाण’, ‘अधिक सुरक्षित’, ‘सर्वाधिक सुरक्षित’ अशा अर्थाची तीन नावे वापरकर्त्यापुढे येतात. ‘सर्वाधिक’ असताना कमी का घ्यावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या पातळीवर सर्व संकेतस्थळांवर जावास्क्रिप्ट बंद होते. आक्रमणाचे मार्ग घटतात, हे खरे. पण अनेक पाने चालेनाशी होतात आणि जावास्क्रिप्टचा अभाव संकेतस्थळाच्या लक्षात येऊ शकत असल्याने वापरकर्ता मोठ्या गर्दीतून लहान गटात जातो. आक्रमणापासून संरक्षण आणि गर्दीत मिसळणे या दोन भिन्न गोष्टी ‘सुरक्षित’ या एकाच शब्दाखाली झाकल्या गेल्या आहेत. वास्तविक लक्ष्य होण्याचा धोका असलेल्या पत्रकाराने ही पातळी निवडणे सयुक्तिक. सामान्य वाचकाने तसे करणे अनावश्यक. तिचे नाव ‘जावास्क्रिप्टविना’ असे असते, तर निवडीपूर्वीच तिचे मोल त्याला कळले असते.