सांगाडा, बिजागरी आणि झीज

"मानवी शरीरात हाडे किती?" या प्रश्नाला सहावीचा कोणताही विद्यार्थी उभा राहून "206" असे उत्तर देतो आणि आपण त्याला शाबासकी देऊन खाली बसवतो. उत्तर बरोबर आहे, पण ते प्रौढ माणसाचे आहे. नवजात बाळाच्या शरीरात हाडांचे सुमारे 300 तुकडे असतात आणि वाढ होताना ते एकमेकांना जुळत जातात. उत्तर देणाऱ्या त्या अकरा वर्षांच्या मुलाची सगळी हाडे अजून जुळलेली नाहीत, हे मात्र त्याला सांगायचे राहून जाते.

पाठ्यपुस्तक मंडळाच्या 2016 सालच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्था आणि त्वचा यांचा एक पाठ आहे. तो पाठ आपण वर्गात ज्या रीतीने शिकवतो, तिच्याविषयी मला तक्रार करायची आहे. माहिती चुकीची दिली जाते असे नाही. तक्रार आहे ती तीन शब्दांबद्दल: सांगाडा, बिजागरी आणि झीज. पहिले दोन आपण देतो, तिसरा मुलाला घरी मिळतो. तिन्ही मिळून त्याच्या मनात एक चित्र तयार होते. ते चित्र यंत्राचे असते आणि यंत्र वापरले की झिजते. या चित्राचे परिणाम पुढे साठ वर्षे भोगावे लागतात.

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारसारख्या गावाचा विचार करा. हा हळदीचा मुलूख. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी सुरू झाली की बायका दिवसदिवस उकिडव्या बसून कंद मोडतात, माती झाडतात. पुरुष पोती उचलतात. वर्गातल्या मुलाची आजी संध्याकाळी भिंतीचा आधार घेऊन उठते आणि म्हणते, "गुडघे झिजले रे बाबा आता." घरातले सांगतात, "मग बसून राहा, कशाला उठतीस?" सकाळीच 'गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा' असे शिकून आलेल्या मुलाला हे बोलणे अगदी शास्त्रीय वाटते. बिजागरी झिजली तर दार कमी उघडावे, नाही का?

पहिला शब्द सांगाडा. आपण हाडांची रचना तक्त्यावर दाखवतो, ती निर्जीव असते. काही उत्साही शिक्षक कोंबडीचे हाड व्हिनेगरमध्ये ठेवून दाखवतात. काही दिवसांनी ते रबरासारखे वाकते, कारण त्यातली कॅल्शियमची खनिजे विरघळून गेलेली असतात. प्रयोग उत्तम आहे, पण "म्हणून कॅल्शियम महत्त्वाचे, म्हणून दूध प्या" एवढ्यावर तो संपतो. दुसरे हाड विस्तवात भाजून पाहिले तर आकार तसाच राहतो, पण हाताने दाबताच चुरा होतो. कारण त्यातले कोलॅजन हे प्रथिन जळून जाते. म्हणजे हाडाला डाळही लागते, नुसते दूध नव्हे. आणि दूध परवडत नसेल तर काय, याचे उत्तरही आपल्याकडे आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात हजाराहून अधिक. आपल्या रोजच्या ज्वारीत मात्र ते जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला 600 मिलिग्रॅमची शिफारस 2020 साली 1000 वर नेली. नुसत्या भाकरीवर भागवणाऱ्या घरासाठी हे अंतर फार मोठे आहे.

तरीही हे दोन्ही प्रयोग मेलेल्या हाडावरचे. जिवंत हाडात एका बाजूने जुना भाग कुरतडणाऱ्या पेशी काम करत असतात आणि मागोमाग नवा भाग रचणाऱ्या पेशी. प्रौढ माणसाच्या हाडांचा सुमारे 10 टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. नवे हाड कुठे जास्त रचायचे हे त्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी हे तत्त्व 1892 साली ग्रंथरूपाने मांडले. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे दंडाचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट, अंतराळात तरंगणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातले खनिज महिन्याला 1 ते दीड टक्क्याने कमी होते. कोणताही सांगाडा असे करत नाही. घराचा वासा भार पडला म्हणून जाड झालेला कोणी पाहिला आहे?

दुसरा शब्द बिजागरी. हालचालीची दिशा समजावण्यासाठी बिजागरी, उखळ ही नावे उपयोगी आहेत, ती काढून टाका असे मी म्हणत नाही. पण उपमा कुठे थांबते तेही सांगायला हवे. हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्न मिळते ते सांध्यातल्या द्रवातून. या द्रवाला आपण 'वंगण' म्हणतो, म्हणजे पुन्हा यंत्राचाच शब्द! चालताना कूर्चा स्पंजासारखी दबते आणि सुटते, तेव्हा हा द्रव तिच्यातून आतबाहेर होतो. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते. शिवाय बिजागरीला स्नायू नसतात. मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू दुबळे झाले की प्रत्येक पावलाचा धक्का गुडघ्याला अधिक बसतो. म्हणूनच गुडघेदुखीवर आज पहिला उपाय सांगितला जातो तो मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा.

स्नायूंचे बळ तिशीनंतर हळूहळू आणि साठीनंतर वेगाने घटते, हे खरे. पण ते परत मिळवताच येत नाही, हे खरे नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन येथे एका शुश्रूषागृहातल्या 86 ते 96 वयाच्या 10 जणांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्याचा अहवाल 1990 साली प्रसिद्ध झाला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. "आता या वयात काय व्हायचंय?" या वाक्याला याहून चांगले उत्तर नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वापराने शरीर घडते, तर जन्मभर राबलेल्या त्या आजीचे गुडघे का दुखतात? इथे 'झीज' या तिसऱ्या शब्दाला थोडा न्याय द्यावा लागेल. वर्षानुवर्षे तासन्‌तास उकिडवे बसणे, गुडघ्यांवर काम करणे आणि जड ओझी उचलणे यांमुळे गुडघ्याच्या संधिवाताचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. व्यायामात भार थोडा थोडा वाढतो, मध्ये विश्रांती असते, सगळ्या सांध्यांना काम मिळते आणि नंतर पोटभर जेवण असते. मजुरीत यांतले काहीच हमखास नसते. "आमच्या बायका शेतात राबतात, त्यांना कसला व्यायाम हवा?" हे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे.

मराठवाड्यातलेच दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. बीड जिल्ह्यात 2019 साली झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या पुष्कळ जणी तरुण होत्या. या शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले तर हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी कमी होते. ते ठेवले तरी त्यांचे काम लवकर थांबण्याचा संभव असतो. पाळी जाण्याच्या वयाच्या दहा-पंधरा वर्षे आधीच हाडे विरळ आणि ठिसूळ होऊ लागू शकतात. मोळ्या वाहणाऱ्या बाईची हाडे श्रमांमुळे भक्कमच असणार, असे आपण गृहीत धरतो. पण हाड नुसत्या भारावर घडत नाही. भार, अन्न, ऊन आणि संप्रेरके ही चारही लागतात. ऊन लागते ते ड जीवनसत्त्वासाठी, जे त्वचेत तयार होते आणि ज्याच्यावाचून खाल्लेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. अस्थिसंस्था आणि त्वचा एकाच पाठात असण्याचे याहून चांगले निमित्त कोणते? तरी आपण पाठाचे दोन तुकडे करून दोन तासिकांना वाटून टाकतो.

आणि माझी मुख्य तक्रार वेळेबद्दल आहे. प्रौढपणी असणाऱ्या हाडांतल्या खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा केवळ दोन वर्षांत जमा होतो. ही वर्षे मुलींत साडेबाराच्या आणि मुलांत चौदाच्या आसपास येतात. विशीनंतर या पुंजीत फारशी भर पडत नाही. पुढे ती जपायची असते. सहावी ते नववीचा वर्ग म्हणजे ही पुंजी साठवण्याची वेळ. नेमक्या याच वर्षांत मुलगी मोठी झाली म्हणून तिचे खेळणे बंद होते, आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकला जातो. तो तास घेणाऱ्यांत आपणच असतो. हाडांवर दहापैकी दहा गुण मिळवणारी मुलगी तिच्या हाडांना हवी असलेली दोरीवरची उडी मारू शकत नाही, ही विज्ञानशिक्षणाची शोकांतिका आहे.

मग करावे काय? पुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात दरवर्षी एखाद्याचा हात मोडतोच. प्लास्टर निघाले की त्याच्या संमतीने दोन्ही हातांचा घेर टेपने मोजा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. रोडावलेला हात वापराने भरून येताना मुले डोळ्यांनी पाहतील. दुसरे, घरचा अभ्यास म्हणून आजी-आजोबांना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजायला सांगा. तोल जाऊ नये म्हणून शेजारी मोठे माणूस हवे, आणि दुखत असेल तर मोजणी नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यात दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सुचवला आहे. खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे ही त्याची बिनखर्चाची सुरुवात आहे.

तिसरे सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड: शारीरिक शिक्षणाचा तास परत करा. मुलांना, आणि आवर्जून मुलींना.

पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी "206" म्हणाला की त्याला लगेच खाली बसवू नका. "आणि त्यांतली आज किती वाढताहेत?" एवढे विचारा.