समुद्रातला वैरी आणि देवापुढचा मोर

कुंभकोणम्‌पासून जवळच, कावेरीच्या काठी, स्वामीमलै हे गाव आहे. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. त्याच्या सहा प्रमुख स्थानांत या गावाची गणना होते. देवळात वर जाण्यासाठी साठ पायऱ्या आहेत आणि त्यांना साठ संवत्सरांची नावे आहेत. पाडव्याला पंचांग वाचणाऱ्या मराठी माणसाला 'प्रभव', 'विभव' ही नावे परकी वाटत नाहीत. तसा हा प्रदेशही परका नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य येथे होते आणि शहाजीराजांनी १६९३ मध्ये पंडितांना दिलेले तिरुविसनल्लूर हे गाव याच परिसरात आहे. बालमुरुगनाने आपल्या पित्याला, साक्षात शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला तो येथेच, अशी श्रद्धा आहे.

या देवळातली एक गोष्ट मात्र पाहणाऱ्याला थांबवते. मुरुगनासमोर वाहन म्हणून मोर असावयाचा, तो येथे नाही. त्याच्या जागी हत्ती आहे. इंद्राने अर्पण केलेला ऐरावत तो हाच, असे सांगतात. हत्ती इंद्राकडून आला, तर इतरत्र देवापुढे उभा असलेला मोर कोठून आला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. तमिळ परंपरा त्याचे जे उत्तर देते ते वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावे असे आहे. तो मोर म्हणजे समुद्रात लपलेल्या वैऱ्याचे अर्धे शरीर आहे.

जलवासी वैरी हे आशयसूत्र आपल्याकडे जुने आहे. महाभारताच्या वनपर्वातील कालेयांची कथा त्याचा ठळक नमुना होय. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांनी वनपर्व मराठीत आणले असल्याने जुन्या मराठी वाचकाला तिचा परिचय होता. वृत्राच्या वधानंतर कालेय समुद्रात शिरतात आणि पाण्याच्या तळाशी बसून विश्वाच्या नाशाचा विचार करतात. जग तपाने तोलले आहे. तेव्हा तपस्वी संपवले की जग आपोआप कोसळेल, हा त्यांचा निष्कर्ष. मग ते रात्री बाहेर पडून आश्रमांवर घाला घालतात आणि पहाटे पुन्हा पाण्यात दिसेनासे होतात. च्यवनाच्या आश्रमातले शंभर आणि भरद्वाजाच्या आश्रमातले वीस मुनी त्यांनी खाल्ल्याचे महाभारत सांगते. मारणारा दिसत नाही, फक्त हाडे दिसतात. या कथेतली खरी भीती संख्येची नसून या अदृश्यतेची आहे. डोंगरातल्या शत्रूला वेढा घालता येतो. समुद्राला वेढा कोण घालणार?

देव अगस्त्यांना शरण जातात आणि अगस्त्य समुद्र पिऊन टाकतात. उघड्या पडलेल्या कालेयांना देव मारतात. उरलेले पृथ्वी फोडून पाताळात पळतात. विजय पुरा होतो. परंतु देव जेव्हा समुद्र पुन्हा भरून द्या म्हणतात, तेव्हा ऋषी सांगतात की ते पाणी पचून गेले आहे. पुढे भगीरथाने गंगा आणीपर्यंत समुद्र कोरडाच राहतो. वैरी नाहीसा करण्यासाठी त्याला आसरा देणारे पाणीच नाहीसे करावे लागले, ही या विजयाची किंमत होय. ज्या अगस्त्यांच्या कमंडलूतून कावेरी वाहू लागली असे स्वामीमलैच्या परिसरात मानतात, तेच अगस्त्य येथे सागराचे शोषण करतात, हा योग विलक्षण आहे.

त्याच पर्वात अर्जुनही समुद्राच्या कुशीत राहणाऱ्या निवातकवचांशी लढतो. त्यांची संख्या तीन कोटी. ते पडल्यावर नगरातल्या स्त्रिया आक्रोश करीत धावतात, आणि त्या नगराचे वैभव पाहून अर्जुन मातलीला विचारतो की देव येथे का राहत नाहीत. पूर्वी हे इंद्राचेच नगर होते, निवातकवचांनी देवांना येथून घालवले, असे मातली सांगतो. उत्तर इंद्राच्या बाजूचे आहे. परंतु कवीने प्रश्न विचारू दिला आणि स्त्रियांचा आक्रोश वगळला नाही. जलवासी वैऱ्यालाही घर असते, एवढे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्यापुढे मात्र तो जात नाही.

त्यापुढचे पाऊल तमिळ परंपरेने टाकले. नक्कीररांच्या नावावर असलेल्या 'तिरुमुरुगाट्रुप्पडै' या प्राचीन काव्यात मुरुगन समुद्रात शिरून सूर नावाच्या वैऱ्याचा वध करतो आणि आम्रवृक्ष तोडतो. वध हाच तेथे शेवट आहे. पुढे कांचीपुरमच्या कच्चियप्प शिवाचार्यांनी 'कंदपुराणम्' हे दहा हजारांहून अधिक पद्यांचे काव्य रचले, तेव्हा या सूराचा सूरपद्मन् झाला. त्याला भाऊ, मुलगा, राजसभा मिळाली आणि समुद्रात वीरमहेंद्रपुरी नावाची राजधानी मिळाली. त्याच्या राज्यात देवांना मासे वाहून आणावे लागतात. स्वर्गातल्यांना समुद्राची हलकी चाकरी करावी लागावी, ही कल्पना कवीच्या सूक्ष्म विनोदबुद्धीची खूण आहे.

शेवटच्या युद्धात मुरुगन आपले विश्वरूप दाखवतो. सूरपद्मन् क्षणभर विरघळतो. ज्याला आपण पोर समजलो तो कोण आहे हे त्याला उमगते. परंतु ते रूप मावळताच त्याचा अहंकार परततो आणि तो समुद्रात प्रचंड आम्रवृक्ष होऊन उभा राहतो. मुरुगनाचे वेल, म्हणजे भाला, त्या वृक्षाचे दोन भाग करते. एका भागाचा मोर होतो, दुसऱ्याचा कोंबडा. मोर वाहन होतो, कोंबडा ध्वजावर जातो. तिरुच्चेंदूरच्या समुद्रकिनाऱ्यावर दर वर्षी स्कंदषष्ठीला हाच प्रसंग हजारो लोकांसमोर साकार केला जातो.

येथे एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. या युद्धात मुरुगनासाठी इंद्र स्वतः मोर झाला होता. युद्ध संपल्यावर त्या जागी सूरपद्मनाचा मोर येतो. म्हणजे देवांच्या राजाने रिकामी केलेली जागा देवांच्या वैऱ्याला मिळते. कच्चियप्पांनी वैऱ्याला नुसते क्षमा करून सोडलेले नाही. त्याला देवाच्या सर्वांत निकट बसवले आहे. आणि तरीही त्याचे दोन तुकडे झाले होते, ही गोष्ट त्यांनी लपवलेली नाही.

आता या आशयसूत्राचे एक अगदी अलीकडचे रूप पाहू. नव्या पिढीला पुराणाचा अनुभव पुष्कळदा व्हिडिओ गेममधून मिळतो. वाङ्मयविचाराने त्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. जपानच्या निन्टेन्डो या संस्थेची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही खेळमालिका १९८६ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या खेळात 'झोरा' नावाचे जलचर आहेत. ते पाण्यातून डोके वर काढतात, नायकावर आगीचा गोळा टाकतात आणि पुन्हा बुडी मारतात. त्यांना नाव आहे, पण बोली नाही, घर नाही. कालेयांची रात्रीची धाड येथे क्षणाक्षणाच्या हालचालीत उतरली आहे.

१९९१ च्या खेळात या झोरांचा राजा भेटतो आणि पोहण्याचे साधन नायकाला पाचशे 'रुपी' घेऊन विकतो. आपल्या रुपयाची आठवण करून देणारे हे नाणे हाती पडताच वैऱ्याला प्रथमच वाचा फुटते. १९९८ च्या खेळात झोरा हे सुसंस्कृत, देखणे लोक होतात. त्यांची राजकन्या नायकाला आपला वाग्दत्त वर मानते. २००० च्या खेळात मरणोन्मुख झोरा वादकाचा आत्मा मुखवटा होतो आणि तो चढवून नायक स्वतःच झोरा होतो. २००२ मध्ये आलेल्या खेळात सारे राज्य समुद्राखाली गेले आहे, आणि अशा जलमय जगात झोरांचे वंशज पंख असलेले पक्षिजन झालेले आहेत. पाण्यातला वैरी पक्षी होतो, ही कल्पना तिरुच्चेंदूरच्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. यात उसनवारी शोधण्याचे प्रयोजन नाही. एकाच प्रश्नाला दोन संस्कृतींनी दिलेली ही जवळची उत्तरे आहेत.

परंतु ही उत्तरे सारखी नाहीत, आणि समीक्षेचे काम येथून सुरू होते. झोरा वैरी होते ते मित्र कसे झाले, याची कथा ही मालिका सांगत नाही. एका खेळात ते मारण्याजोगे होते, पुढच्या खेळात ते यजमान आहेत. मधल्या काळात काय घडले ते कोणी विचारत नाही. ही विसंगती निर्मात्यांनाही जाणवली असावी, कारण २००१ च्या एका खेळात खुलासा येतो: नदीतले झोरा हिंस्र, समुद्रातले झोरा सज्जन, आणि या दोघांत गल्लत करू नये. खुलासा सोयीचा आहे. त्याने खेळाडूचा जुना पराक्रम निर्दोष ठरतो आणि नवी मैत्रीही निर्वेध होते. मात्र नदीतला झोरा जन्मतःच दोषी ठरतो. त्याच्याजवळ ना नगर आहे, ना त्याच्यासाठी रडणाऱ्या स्त्रिया.

असा जन्मजात दोष ही आपल्याला केवळ खेळातली बाब वाटू नये. १८७१ च्या कायद्याने या देशातल्या काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. कायदा गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा अशा शिक्क्याखाली वाढलेल्या माणसाने स्वतःचे घर, स्वतःची भूक मराठी वाचकासमोर ठेवली होती. चांगली जमात आणि वाईट जमात अशी विभागणी कथेत जितक्या सहजतेने होते, तितक्याच सहजतेने ती दप्तरात होते. म्हणून कथेतली विभागणीही तपासावी लागते.

कच्चियप्पांची विभागणी वेगळी आहे. वेल एका शरीराचे दोन भाग करते. परंतु एक भाग सज्जन आणि दुसरा दुर्जन असे ते भाग नाहीत. दोन्ही त्याच वैऱ्याचे आहेत आणि दोन्ही स्वीकारले जातात. या काव्यातही वैऱ्याचे स्वातंत्र्य उरत नाही, मोराला स्वतःचे राज्य नसते, हा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. वाहन होणे म्हणजे समान होणे नव्हे. तरीही दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला हा मोर कोण होता हे ठाऊक असते. पराभवाची आठवण पुसून मैत्री उभी केलेली नाही, हे या कथेचे मोठेपण होय.

मराठी वाचकाने यासाठी दूर जायचेही कारण नाही. स्कंदषष्ठी आपण ज्या मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला मानतो, तीच चंपाषष्ठी, खंडोबाने मणी आणि मल्ल यांचा संहार केल्याची तिथी. मणी शरण आला, त्याने आपला घोडा देवाला दिला आणि देवाजवळ स्थान मिळवले. मल्लाचे नाव तर 'मल्हारी' या देवाच्या नावातच राहिले. मल्हारीचा येळकोट करताना आपण दर वेळी वैऱ्याचेही नाव घेतो, याकडे आपले लक्ष नसते एवढेच.

स्वामीमलैचे स्थपती कावेरीच्या गाळाच्या मातीने मेणाच्या प्रतिमेवर साचा चढवून पंचधातूच्या मूर्ती ओततात. मोरावर बसलेला मुरुगन त्यांच्या भट्टीतून अनेकदा बाहेर पडतो. तो मोर घडवणाऱ्याला त्याची कथा माहीत असते. त्या मोराखेरीज मूर्ती पुरी होत नाही, आणि जो मोर तिला पुरी करतो तो कधी काळी तिच्याविरुद्ध समुद्रात उभा होता. जलवासी वैऱ्यांच्या नव्या कथा यापुढेही येत राहतील, पडद्यावर आणि पुस्तकात. त्यांची पारख करताना वैरी किती भयानक रंगवला आहे याहून, कथा संपल्यावर तो कोठे दिसतो आणि तो कोण होता हे सांगण्याचे धैर्य कथेत आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.