सहाच्या बातम्या कोणाच्या?

स्कॉटलंडच्या सार्वमताला चार दिवस उरले असताना, १४ सप्टेंबर २०१४ रोजी, ग्लासगोतील बीबीसीच्या इमारतीसमोर स्वातंत्र्यवाद्यांचा मोर्चा जमला. बीबीसी अखंड ब्रिटनच्या बाजूने झुकते, असा त्यांचा आरोप होता. हा आरोप अनेकदा कटाच्या भाषेत मांडला जातो, म्हणूनच तो सहज उडवून लावता येतो. खरे दुखणे जुने आणि साधे आहे.

१९९९ पासून स्कॉटलंडचे आरोग्य आणि शिक्षण एडिनबर्गच्या संसदेकडे आहे. बीबीसीचे परवाना शुल्क मात्र सर्वत्र सारखेच, आणि संध्याकाळी सहाच्या मुख्य बातम्या लंडनहून. त्या स्कॉटलंडमध्येच संपादित व्हाव्यात, ही सूचना बीबीसीच्या नियामकांनी १९९८ मध्ये फेटाळली. दहा वर्षांनी बीबीसी ट्रस्टनेच अँथनी किंग यांच्याकडून अहवाल करून घेतला. त्यासाठी तपासलेल्या देशव्यापी बातम्यांत आरोग्य व शिक्षणाच्या १३६ बातम्या निघाल्या. सगळ्या १३६ इंग्लंडच्या.

त्यांतली एकही खोटी असण्याची गरज नाही. आपल्याकडून शुल्क घेणारी संस्था रोज शेजारघरचेच सांगते, एवढ्यानेही विश्वास झिजतो. २०१९ मध्ये बीबीसीने स्कॉटलंडला वेगळी वाहिनी आणि रात्री नऊचे बातमीपत्र दिले. सहाचे लंडनकडेच राहिले. मागणी माजघराची होती, मिळाली ओसरी.

कट असता तर तो उघडा पाडता आला असता. सवय मोडायची, तर ती आहे हे आधी कबूल करावे लागते.