पतपत्रांतर्गत दस्तऐवजांची तपासणी : अक्षरसाम्य की अर्थसंगती?

प्रस्तावना :
परदेशातील ग्राहकाच्या पतीची निर्यातदारास खात्री नसते. म्हणून ग्राहकाच्या वतीने बँक पैसे देण्याची हमी घेते. लेटर ऑफ क्रेडिट, अर्थात पतपत्र, ते हेच. बँक मात्र माल पाहत नाही. बीजक, बिल ऑफ लेडिंग, विमापत्र आदी दस्तऐवज पाहते. त्यामुळे विसंगती कशास म्हणावे, यावर निर्यातदाराचे पैसे अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या निकषाची चिकित्सा केली आहे.

दोन निवाडे :
‘इक्विटेबल ट्रस्ट विरुद्ध डॉसन पार्टनर्स’ (१९२७) या खटल्यात बटाव्हियाहून येणाऱ्या व्हॅनिलासाठी ‘तज्ज्ञांचे’ प्रमाणपत्र आवश्यक होते. बँकेने एकाच तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर पैसे दिले; प्रत्यक्षात मालात मुख्यतः काड्या, दगड आणि जुने लोखंड निघाले. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ‘जवळजवळ तसाच’ दस्तऐवज अमान्य ठरविला व नुकसान बँकेला सोसावे लागले. येथे अनेकवचनामागे ग्राहकाचे खरे संरक्षण दडलेले होते.

‘रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज बँक’ (१९४३) या खटल्याचे स्वरूप निराळे आहे. पतपत्रात ‘कोरोमंडल भुईमूग’, तर बिल ऑफ लेडिंगमध्ये ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’ असे वर्णन होते. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या लेखी दोन्ही नावे एकाच मालाची होती. तथापि प्रत्येक व्यापाराची परिभाषा बँकेस ठाऊक असलीच पाहिजे असे नाही, या भूमिकेतून अपील न्यायालयाने बँकेचा नकार योग्य ठरविला.

नियमांतील बदल व उणीव :
आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सची यूसीपी ६०० ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्या अनुच्छेद १४ नुसार दस्तऐवजांतील माहिती तंतोतंत सारखी असण्याची गरज नाही. ती परस्परविरोधी नसावी. बीजकातील वर्णन पतपत्राशी जुळलेच पाहिजे, परंतु इतर दस्तऐवजांत सर्वसाधारण वर्णन चालते. चेंबरच्याच प्रमाण बँकिंग प्रथेनुसार ‘मशीन’ या शब्दाच्या स्पेलिंगमधील चूक ही विसंगती नव्हे. ‘मॉडेल ३२१’ ऐवजी ‘मॉडेल १२३’ असणे ही मात्र विसंगती आहे. तपासणीस कमाल पाच बँकिंग दिवस मिळतात. नकार द्यावयाचा असल्यास सर्व विसंगती एकाच सूचनेत नमूद कराव्या लागतात, अन्यथा बँक तो हक्क गमावते.

हे बदल स्वागतार्ह होत. परंतु ‘विरोध’ या शब्दाची व्याख्या नियमावलीत नाही. शिवाय अनुच्छेद १६ नुसार विसंगती आढळल्यावर पतपत्र देणारी बँक ती माफ करण्याबाबत ग्राहकास विचारू शकते. बाजारभाव उतरला असेल, तर ग्राहकास माफी देण्याचे कारण उरत नाही. म्हणजेच त्रुटी क्षुल्लक की गंभीर, हे ठरविणे तिचा लाभ ज्यास मिळतो त्याच्याच हाती जाते. लहान निर्यातदारास याची झळ अधिक बसते, कारण एका खेपेचे पैसे अडकले की त्याचे खेळते भांडवलच अडते.

समारोप :
काटेकोरपणा टाकाऊ नाही, हे व्हॅनिलाच्या खटल्यावरून स्पष्ट होते. तो आंधळा असू शकतो, हे भुईमुगाच्या खटल्यावरून दिसते. वाणिज्य शाखेच्या वर्गांत दस्तऐवज-तपासणी केवळ जुळणीची यादी म्हणून शिकविल्यास हा भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात येणार नाही. हे दोन निवाडे अनुच्छेद १४ शेजारी ठेवून शिकविल्यास, ‘शब्द वेगळा आहे काय’ याऐवजी ‘या फरकामुळे दस्तऐवज वेगळी गोष्ट सांगतो काय’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागेल.