‘काटकसरी जनुक’ : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना :
‘मधुमेह आमच्या घराण्यातच आहे’ हे विधान कुंभार पिंपळगावसारख्या (ता. घनसावंगी) गावातही सहज ऐकावयास मिळते. या विधानाला शास्त्रीय आधार देणारा ‘काटकसरी जनुक’ हा सिद्धान्त जेम्स नील यांनी 1962 मध्ये मांडला. दुष्काळात अन्न साठवून ठेवणारी जनुके टिकली व सुबत्तेच्या काळात तीच घातक ठरली, असे त्याचे सार. नील यांच्या निबंधाच्या शीर्षकाअखेर प्रश्नचिन्ह होते. पुढील अभ्यासकांनी ते पुष्कळदा गाळले. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पूर्व आशियाई लोकांना तुलनेने कमी वजन असतानाही मधुमेह होतो. 2008 मध्ये जपानी संशोधकांना ‘केसीएनक्यू-1’ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध आढळला, तेव्हा या कोड्याचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. परंतु त्यातील धोक्याचे प्रमुख रूप युरोपीय लोकांत अधिक प्रमाणात आढळते. तेथे ते बहुतेकांत असल्यामुळेच त्याचा प्रभाव सहज दिसून आला नव्हता. याचा अर्थ, एखादे जनुक कोठे सापडले यावरून तेथील धोका का वाढला हे सिद्ध होत नाही.

आपल्याकडील पुरावा वेगळ्या दिशेने जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे 3.5 किलो होते. मात्र वजनातील या तुटीच्या मानाने त्वचेखालील चरबी फारशी घटलेली नव्हती. गर्भवतींमधील ‘बी-12’ची कमतरता व फोलेटचे अधिक प्रमाण यांचा संबंध मुलांच्या सहाव्या वर्षी आढळलेल्या इन्सुलिनरोधाशी असल्याचेही 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे मराठीतील दोन शब्दांचा भेद महत्त्वाचा ठरतो. जे जन्मजात, ते सर्वच आनुवंशिक नव्हे. घराण्यातून जनुके येतात, तशीच चूल, कष्ट आणि उपासमारही येते. तथापि गर्भपोषणाच्या सिद्धान्तालाही एक मर्यादा आहे. त्याचा सवंग अर्थ लावल्यास सारा दोष मातेच्या माथी येतो. सर्वांना वाढून उरलेले खाणाऱ्या स्त्रीच्या ताटात काय पडते, हे ती एकटी ठरवीत नाही.

समारोप :
1972 च्या दुष्काळात जन्मलेली मराठवाड्यातील पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिच्या मधुमेहाचे कारण तोच दुष्काळ, असे पुराव्याविना म्हणता येणार नाही. परंतु ‘रक्तातच आहे’ म्हणून तो प्रश्न बंद करणेही अशास्त्रीय ठरेल. मधुमेह हा जाड माणसाचा रोग, या समजुतीमुळे सडपातळ शेतमजूर तपासणीबाहेर राहतो. त्याची वेळीच रक्ततपासणी व्हावी आणि गर्भवतीच्या आहाराकडे संपूर्ण कुटुंबाची जबाबदारी म्हणून पाहिले जावे. नील यांचे प्रश्नचिन्ह पुन्हा जागेवर ठेवण्याचे प्रयोजन एवढेच आहे.